नकाराची यादी

संपादकांचं पत्र आलं, "धंद्यातल्या गमतीजमती लिहा, वाचकांना आवडतात." गमतीजमती माझ्याकडे पोतंभर आहेत. आर्वीच्या बसस्थानकावर बावीस वर्षं दुकानाच्या काउंटरमागे बसलेल्या बाईकडे नसतील तर कोणाकडे असतील? पण त्या दुकानाचा विषय निघाला की मे महिन्यातला एक दिवस आडवा येतो, आणि त्याला टाळून पुढे जाणं मला आजवर जमलेलं नाही. तेव्हा गमती सांगते, पण तो दिवसही सांगणार आहे. छापायचा की नाही ते त्यांनी ठरवावं.

दुकान आधी एसटीडी बूथ होतं. काचेच्या खोक्यात उभं राहून लोक इतक्या जोरानं बोलायचे की फोन नसता तरी पुलगावपर्यंत ऐकू गेलं असतं. मग मोबाईल आले, खोकं ओस पडलं, आणि मी रिचार्ज, कव्हर, बॅटरी, मेमरी कार्डात गाणी भरून देणं असं जमेल ते करू लागले. नवरा शाळेत नोकरीला, त्यामुळे दुकान सगळं माझं. स्थानकावर मला सगळे 'वंदनाताई' म्हणायचे, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले कंट्रोलर साहेबसुद्धा.

आता दुकानातल्या एका डब्याबद्दल सांगते. आजच्या मुलांना हे सांगितलं तर हसतील, पण तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप कुणाकडे नव्हतं. एका फोनमधलं गाणं दुसऱ्या फोनमध्ये न्यायचं तर ब्लूटूथ. त्यासाठी आधी दोन फोनांची जोडणी करावी लागे. तुम्ही तुमच्या फोनवर चार आकडे टाकायचे, समोरच्यानं तेच चार आकडे त्याच्या फोनवर टाकायचे, मग दोघांची ओळख पटायची. लोक ब्लूटूथ एकदा चालू करत आणि बंद करायला विसरत. त्यामुळे स्थानकावर कुठल्याही वेळी निदान पन्नास फोन दार उघडं टाकून बसलेले असत.

या उघड्या दारातून जोडणी न करता फाईल पाठवायची एक सोय होती. आकडे नाहीत, ओळख नाही. समोरच्या फोनवर फक्त प्रश्न उमटायचा, अमुक काहीतरी पाठवत आहे, घ्यायचं का? 'हो' दाबलं की फोटो आत. 'नाही' दाबलं की विषय संपला. हे काम करणारा एक डबा नागपूरला मिळतो असं कळलं, आणि गावातल्या दुकानांच्या जाहिराती पाठवायला मी तो आणला. कंपासपेटीपेक्षा थोडा मोठा, वर दोन काड्या. शटरच्या वरच्या अंगाला टांगला, वायर दुकानातल्या संगणकाला जोडली. मोकळ्या जागेत तीस मीटरपर्यंत त्याची पोच. म्हणजे वर्ध्याच्या फलाटापासून फाटकाबाहेरच्या ऑटोंपर्यंत सगळं माझ्या हद्दीत आलं.

डब्याला नाव द्यावं लागे, तेच लोकांच्या फोनवर दिसे. मी नाव दिलं, 'वंदनाताई'. जाहिरात साडीच्या दुकानाची असो की शिकवणीच्या वर्गाची, नाव माझं झळकायचं. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला त्याचा भारी आनंद होता.

या नावावरून एकदा रोहण्याकडची एक बाई नवऱ्याचा फोन हातात घेऊन थेट काउंटरवर आली. नवरा दहा पावलं मागे, मान खाली.

"वंदनाताई तूच का?"

"हो, मीच."

"माह्या नवऱ्याले रोज काय पाठवून राह्यली तू?"

मी तिला संगणकावर साडीचं चित्र दाखवलं, डबा दाखवला, सगळं समजावलं. तिनं चित्र नीट निरखलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "हे हिरवी कोणत्या दुकानात आहे?" दोघं तिथूनच साडीच्या दुकानात गेली. शेठ पुढे महिनाभर तो किस्सा गिऱ्हाइकांना सांगत होते.

दुसरी मजा फोनांच्या नावांची. आसपासचे सगळे फोन माझ्या पडद्यावर नावानिशी दिसत. 'शेर', 'पप्पू डॉन', 'हात लावू नको'. एका निवृत्त तलाठ्यानं फोनला आपलं पूर्ण नाव, पदवी आणि गल्ली एवढं सगळं दिलं होतं, ते पडद्यावर मावायचं नाही. हळूहळू मला कोणता फोन कोणाचा हे पाठ झालं. माणूस दिसायच्या आधी त्याचा फोन दिसायचा आणि मी म्हणायची, आले साहेब ड्यूटीवर.

पण स्थानकावर रोज असणारी माणसं लवकरच वैतागली. प्रवासी येतो, अर्धा तास थांबतो, जातो. चहावाल्या बबनभाऊंना मात्र दिवसभर तिथंच उभं राहायचं. त्यांच्या फोनवर डबा पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारायचा. एके दिवशी ते चहा घेऊन आले आणि कप आपटून म्हणाले, "ताई, दिवसातून चाळीस वेळा साडी दाखवून राह्यल्या तुम्ही मले. नेसू का आता?"

मी खूप हसले आणि त्याच दुपारी डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन एक खूण केली. ज्यानं एकदा 'नाही' म्हटलं, त्याला पुन्हा कधीच काही पाठवायचं नाही. जाहिरात बदलली तरी नाही. डबा तो फोन लक्षात ठेवायचा आणि पुढे ओलांडून जायचा. आठ दिवसांत बबनभाऊ, हमाल, शेंगावाल्या, पेपरवाला, ऑटोवाले, सगळे सुखी झाले. "आता चांगलं झालं ताई," म्हणाले. लोकांच्या मर्जीचा मान ठेवणारी बाई म्हणून मी स्वतःवर खूश झाले, आणि ती खूण केल्याचं विसरूनही गेले.

त्यानंतर दीडेक वर्षानं तो मे महिना आला.

प्रमिला माझी जुनी गिऱ्हाईक. अंगणवाडीत मदतनीस होती. धरणाच्या पाण्यात गाव गेल्यावर जी वस्ती नव्यानं बसवली, तिथं वडिलांसोबत राहायची. वडील सुखदेव गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. अंगावर पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी, बोलणं शुद्ध. वर्षभरापासून त्यांना विसर पडू लागला होता. जेवलेलं विसरत, वार विसरत. त्यांना दवाखान्यात दाखवायला ती वर्ध्याला निघाली होती. बाकावर बसवून ती बसची चौकशी करायला गेली आणि परत आली तर बाक रिकामा.

सकाळचे पावणेअकरा झाले असतील. ती माझ्याकडे धावत आली.

"ताई, माह्ये बाबा दिसले का तुम्हाले? आत्ता तिथी बसवले होते मी."

मी पाहिले नव्हते. ती कंट्रोलर साहेबांकडे जाऊन आली होती, त्यांनी भोंग्यावरून दोनदा पुकारलंही होतं. उभ्या असलेल्या गाड्या तिनं आत चढून पाहिल्या होत्या. दवाखान्याच्या कागदासाठी म्हणून तिच्या पिशवीत गुरुजींचे पासपोर्टचे फोटो होते. त्यातला एक हातात धरून ती म्हणाली, "एकेकाले दाखवत जातो आता. बाहेर ऑटोवाल्याइले पहिले विचारतो."

ती वळलीसुद्धा होती. मी काउंटरवर वाकून तिचा हात धरला.

"तू कुठं कुठं फिरशील एवढ्या उन्हात? इकडे दे तो फोटो. पाच मिनिटांत सगळ्या स्थानकाच्या फोनवर जातो. तू इथंच बस. कोणी पाहिलं असेल तर इथंच सांगायला येईल, तेव्हा तू जागेवर पाहिजेस."

ती घुटमळली. "जाऊन येतो न ताई, दोन मिनिटाचं काम आहे."

"अगं, मशीन काय माणसापेक्षा कमी आहे का? बस."

हे माझे शब्द आहेत. शब्द न शब्द आठवतात. मी तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, कूलरचं तोंड तिच्याकडे केलं. फोटो स्कॅनरच्या झाकणाखाली ठेवला, खाली ठळक अक्षरांत मजकूर टाकला, हरवले आहेत, दिसल्यास वंदनाताईंच्या दुकानात कळवा. साडीची जाहिरात काढली आणि गुरुजींचा फोटो लावला. पडद्यावर आकडा सरकू लागला. एक, चार, नऊ. प्रमिला माझ्या खांद्यावरून तो आकडा पाहत होती. प्रत्येक आकड्याला मी म्हणत होते, "बघ, आणखी एकाला गेला."

पडद्यावर त्या आकड्याच्या शेजारी दुसरा एक आकडा होता. वगळलेले. मी तिकडे पाहिलंच नाही.

प्रवासी येऊन सांगत होते, फोटो मिळाला म्हणून. कोणाला कळवळा आला, कोणी पोलिसांत जा म्हणालं. पाहिलं होतं असं मात्र कोणीच म्हणेना. म्हणणार कसं? फोटो जात होता तो नुकत्या उतरलेल्या नाहीतर आता चढणार असलेल्या लोकांना. दुपारी दोन वाजता प्रमिला पुन्हा उठली. मी पुन्हा बसवलं. मूळ फोटो स्कॅनरमध्येच पडून होता आणि दुसरा काढायचं दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

तिचे चुलतभाऊ आले, पोलिसांत नोंद झाली. बसस्थानकावरून हरवलेला माणूस बसमध्येच बसला असणार असं सगळ्यांनी धरलं. माणसं पुलगावला गेली, वर्ध्याला गेली, तळेगावला गेली. दुसऱ्या दिवशीही डबा चालू होता, तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या संध्याकाळी मी स्कॅनरचं झाकण उघडलं, तेव्हा तो फोटो दिसला. तो एका कोऱ्या कागदावर चिकटवला आणि शटरच्या बाजूला लावला. आशा म्हणून नाही, काहीतरी केलं पाहिजे म्हणून.

चौथ्या दिवशी सकाळी गजू रिचार्ज करायला आला. गजू ऑटोवाला, फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली त्याची जागा. खिशातून फोन काढता काढता त्याची नजर कागदावर गेली.

"हे त गुरुजी आहेत न ताई. काऊन लावला यायचा फोटो?"

"तू ओळखतोस?"

"ओळखत नाई. सोमवारी मीच सोडून आलो न त्यायले. जुन्या गावाच्या फाट्यावर."

मी काउंटरचं दार उघडून बाहेर आले. तो सांगू लागला. म्हातारबा एकदम चांगले बोलले. शाळेत गुरुजी होतो म्हणाले, तू कितवीपर्यंत शिकला म्हणून विचारलं. घरी जायचं आहे म्हणाले, फाट्यावर उतरून पुढं लेक घ्यायला येते म्हणाले. फाट्यापुढचं जुनं गाव पाण्यात गेलेलं आहे हे गजूला माहीत होतं, पण फाट्यावर चार घरं आहेत, तिथलेच कोणी असतील असं त्याला वाटलं. त्यांना सोडून तो बाराच्या आत परत आला होता.

"परत आलास? मग कुठं होतास?"

"इथीच. झाडाखाली. चार वाजेपर्यंत इथीच होतो ताई. मग सासरी लग्न होतं त यवतमाळले गेलतो, काल रात्री आलो."

"आणि फोटो? तुझ्या फोनवर फोटो नाही आला?"

"तुमच्या डब्याचं मले काईच येत नाई. मागं साडी येत होती, मी नाई म्हटलं. तवापासून बंद आहे."

मला ती खूण तेव्हा आठवली. बबनभाऊंचा कप, माझं हसणं, सेटिंगमधली ती खूण, सगळं एका झटक्यात. पण विचार करत बसायला वेळ नव्हता. प्रमिलेच्या घरी फोन केला, शटर अर्धं ओढलं आणि गजूच्या ऑटोत बसले. वाटेत वस्तीवरून प्रमिलेला घेतलं. ती गजूला एवढंच म्हणत होती, "जोरात घे न भाऊ."

फाट्यापासून आत जुना डांबरी रस्ता जातो. तो पुढे पाण्यात उतरतो. उन्हाळ्यात पाणी मागे सरतं, तेव्हा गावाची काही जोती, एखादी विहीर उघडी पडते. एका जोत्याला टेकून गुरुजी होते. पिशवी मांडीवर होती. डॉक्टरांनी सांगितलं, उन्हानं गेले, आदल्या दिवशी. तिथल्या एका मेंढपाळानं मंगळवारी संध्याकाळी त्यांना भाकर दिली होती. खाल्ली, म्हणाला. घर कोणतं म्हणून विचारलं तर पाण्याकडे बोट दाखवलं, म्हणाला. त्याला वाटलं, गाव पाहायला आलेलं कोणी जुनं माणूस आहे, घरची माणसं जवळच असतील.

म्हणजे सोमवारी जिवंत होते. मंगळवारी जिवंत होते. आणि त्यांना तिथं सोडून आलेला माणूस सोमवारी दुपारी चार तास माझ्या दुकानापासून पंचवीस पावलांवर उभा होता.

दुसऱ्या दिवशी मी संगणकावर ती यादी उघडली. नकाराची यादी. वरपासून खालपर्यंत वाचली. बबनभाऊंचा फोन, तिन्ही हमालांचे, कंट्रोलर साहेबांचा, पेपरवाल्याचा, फाटकावरच्या नऊ ऑटोवाल्यांचे. स्थानकावर कोण आलं, कोण गेलं हे ज्यांच्या नजरेतून सुटत नाही, ते सगळे त्या यादीत होते. गजूच्या फोनसमोर वेळाही होत्या. अकरा वाजून त्रेपन्न मिनिटांपासून डब्याला तो फोन दिसत होता आणि दर खेपेला डबा त्याला ओलांडून जात होता. मीच सांगितलं होतं त्याला.

लोकांनी माझी समजूत घातली. मशीनचं काय, म्हणाले. नवरा म्हणाला, तू मदतच करत होतीस. ते सगळं खरं असेल. पण मला सलते ती खूण नाही. यंत्राची खूण कोणीही विसरेल. मला सलतं ते हे की त्या पंचवीस पावलांवरच्या प्रत्येक माणसाला मी नावानं ओळखत होते. काउंटरवरून नुसती हाक मारली असती तरी काम झालं असतं. रोज मारत होतेच की, चहासाठी, सुट्ट्या पैशांसाठी. त्या दिवशी मी पडद्यावरचा आकडा पाहत बसले, कारण तो आकडा माझ्या नावानं वाढत होता. आणि जी स्वतः पायांनी जाऊन विचारणार होती तिला मी बसवून ठेवलं. डबा मी त्याच आठवड्यात उतरवला. साडीवाले शेठ चार दिवस आग्रह करत राहिले, मग त्यांनीही सोडून दिलं.

गुरुजींच्या पुण्यानुमोदनाला मी वस्तीवर गेले. विहाराच्या शेडमध्ये कार्यक्रम झाला, त्यांचे जुने विद्यार्थी बोलले, मग जेवणाच्या पंगती बसल्या. मी मागच्या बाजूला गेले. प्रमिला स्टीलचे पेले धूत होती. मी तिला सगळं सांगितलं. खूण, यादी, गजूच्या फोनसमोरच्या वेळा. काही लपवलं नाही. सांगताना मी रडत होते, ती रडत नव्हती.

ऐकून झाल्यावर तिनं हातातला पेला विसळून उपडा ठेवला.

"मी त उठलीच होती ताई," ती म्हणाली. "फोटो घेऊन ऑटोवाल्याइकडंच चालली होती. तुम्ही हात धरला."

आवाजात राग नव्हता. झालं तसं सांगितलं तिनं. मग पदराला हात पुसून तिनं विचारलं, "जेवल्या का तुम्ही?" मी नाही म्हटलं. तिनं मला पंगतीत नेऊन बसवलं, स्वतः वाढलं, आणि पुढच्या पानाकडे गेली. मी ताट संपेपर्यंत मान वर केली नाही.

त्यानंतर सहा वर्षं मी दुकान चालवलं. आता ते दुसऱ्यांना दिलं आणि आम्ही बोरगाव मेघेला मुलाजवळ राहायला आलो. त्या सहा वर्षांत प्रमिला माझ्या काउंटरवर कधी आली नाही. बस धरायला मात्र नेहमी यायची, माझ्या दुकानासमोरूनच जायची. मी तिला आत बसूनच पाहत असे. हाक मारायला तोंड उघडत असे, पण एकदाही मारली नाही.